कीबोर्डवर चालणारे विंडो मॅनेजर: अनुभव, अडचणी, शंका

चौकट

इथे लिनक्स वापरणारी बरीच मंडळी आहेत पण या विषयावर धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. खिडक्या उघडणं, हलवणं, लहानमोठ्या करणं, एकीवरून दुसरीवर जाणं हे सगळं माउसऐवजी कीबोर्डवरून करायचं आणि त्यासाठीच बनवलेला विंडो मॅनेजर वापरायचा, असा विषय. मी आयथ्री नावाचा वापरते. त्याआधी ग्नोम आणि केडीई हे नेहमीचे डेस्कटॉप दोन्ही भरपूर वापरून झालेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. लिनक्सवर स्क्रीनवर खिडक्या दाखवायची एक्स नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात कुठली खिडकी कुठे आणि केवढी हे ठरवणारा प्रोग्राम वेगळा असतो, तोच विंडो मॅनेजर. तो काढून दुसरा बसवला तरी ब्राउझर, एडिटर वगैरे सगळं तसंच चालतं. टायलिंग विंडो मॅनेजरमध्ये नवीन खिडकी जुन्या खिडकीच्या अंगावर येत नाही, जागा वाटून घेते. एक असेल तर अख्खी स्क्रीन तिची, दोन झाल्या की निम्मी निम्मी. कल्पना जुनीच आहे, १९८५ च्या विंडोज १.० मध्ये खिडक्या एकमेकींवर ठेवताच यायच्या नाहीत, शेजारी शेजारी बसायच्या. पुढे एकावर एक ठेवायची पद्धत सगळीकडे रुळली आणि आपल्या डोक्यात डेस्कटॉप म्हणजे तेच असं बसलं.

आता मला जे सांगायचंय ते. या विषयावर कुणी लिहिलं की चार टर्मिनल, सुंदर वॉलपेपर आणि खिडक्यांमध्ये छान मोकळी जागा असा स्क्रीनशॉट असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की फायदा म्हणजे स्क्रीनचे तुकडे करता येणं. मला तसं वाटत नाही. मी दिवसातला बहुतेक वेळ एका वेळी एकच किंवा फार तर दोन खिडक्या बघत असते. खरा फायदा आकडा दिलेल्या वर्कस्पेसचा, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून येणाऱ्या वेगवेगळ्या पडद्यांचा आहे. माझ्याकडे १ वर ब्राउझर, २ वर एडिटर, ३ वर टर्मिनल, ४ वर मेल, आणि ९ वर गाणी, हे कधीच बदलत नाही. मॉड (विंडो मॅनेजरच्या कळांसाठी राखलेलं बटण) धरून २ दाबलं की एडिटर समोर, मग त्या क्षणी मी कुठेही असले तरी. ऑल्ट+टॅबचा क्रम तुम्ही शेवटी काय वापरलंत त्यावरून सारखा बदलतो त्यामुळे प्रत्येक वेळी यादीकडे बघून शोधावं लागतं, तेच आकडा पाठ झाला की बघायची गरजच उरत नाही, अंधारात हात बरोबर दिव्याच्या बटणावर जावा तसं बोट जातं. यात सेकंद किती वाचले ते मी कधी मोजलं नाही, मोजावंसंही वाटलं नाही. हातातला विचार मध्येच तुटत नाही एवढं मात्र नक्की, आणि माझ्यासाठी तेच मोलाचं आहे.

प्रत्यक्षात कसं चालतं ते दाखवते. समजा २ वर एडिटर उघडा आहे आणि शेजारी एक पीडीएफ हवीय. मॉड+डी दाबलं की वर एक बारीक पट्टी येते, तिच्यात प्रोग्रामच्या नावाची दोन अक्षरं टाइप करायची आणि एंटर. पीडीएफ उजवीकडे येऊन बसते, एडिटर आपोआप अर्धा होतो. आता पीडीएफच्या खाली एक टर्मिनल हवंय, तर पीडीएफवर असताना मॉड+व्ही (पुढची खिडकी उभ्या रांगेत, म्हणजे खाली) आणि मग मॉड+एंटर. टर्मिनल पीडीएफच्या खाली आलं, एडिटरला धक्का नाही. जागा कमी पडली तर मॉड+ए दाबून या दोघांची मिळून जी चौकट झालीय तिच्यावर जायचं आणि मॉड+डब्ल्यू, की त्या दोन्ही खिडक्या टॅब होऊन एकाच जागेत बसतात. आयथ्री आतून सगळ्या खिडक्यांचं एक झाड धरून असतो, चौकटीत चौकट, तिच्यात अजून चौकट. हे एकदा ध्यानात आलं की बाकी सगळ्या कळा आपोआप समजतात, आणि ते येत नाही तोवर खिडक्या मनाला येईल तिथे उघडतायत असं वाटत राहतं.

नवीन माणसाला माझं कळकळीचं सांगणं असं की दुसऱ्याची तयार कॉन्फिग फाइल (जिच्यात सगळ्या कळा आणि सेटिंग लिहिलेली असतात ती) उचलून आणू नका. ती त्याच्या हाताची असते, त्यातल्या निम्म्या कळा कशासाठी आहेत ते तुम्हाला कळणार नाही आणि काही बिघडलं तर शोधायचं कुठे तेही कळणार नाही. आयथ्री पहिल्यांदा सुरू झाला की स्वतःच विचारतो, फाइल बनवू का आणि मॉड म्हणून ऑल्ट हवं की विंडोजवालं बटण. तीच फाइल ठेवा, टर्मिनल, लाँचर (ती मॉड+डीची पट्टी), खिडकी बंद आणि वर्कस्पेसचे आकडे एवढ्यावरच सुरुवातीला काम करा, आणि जी गोष्ट रोज खुपते तीच बदला.

तुम्ही कोण कोण काय वापरता, कसं बसवलंत, काय अडलं ते लिहा. सोडून दिलं असेल तर तेही लिहा.

अर्धविराम

वर्कस्पेसबद्दल शंभर टक्के सहमत. एक भर घालतो, आयथ्रीच्या फाइलमध्ये ‘वर्कस्पेस ऑटो बॅक अँड फोर्थ’ असा एक पर्याय असतो तो चालू करा. मग ज्या आकड्यावर तुम्ही आहात तोच परत दाबला की आधीच्या वर्कस्पेसवर जाता. एडिटरमधून मॉड+१ करून ब्राउझरमध्ये काहीतरी बघितलं, परत मॉड+१ दाबलं की एडिटर. माझ्या हाताला याची इतकी सवय झालीय की दुसऱ्या मशीनवर बसलं की पहिली अडचण हीच होते.

आणि प्रश्न असा की ऑफिसमध्ये विंडोज आहे आणि तिथे काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, तर तिथे यातलं काय जमेल?

निळीपट्टी

@अर्धविराम, चौकट यांचा मुद्दा धरला तर विंडोजवर काहीही न टाकता बऱ्यापैकी जमतं. विंडोज बटण+१ दाबलं की टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्राम समोर येतो, चालू नसेल तर चालू होतो, +२ दुसरा, असं. म्हणजे टास्कबारवर प्रोग्राम ठराविक क्रमाने पिन करून ठेवा आणि तो क्रम बदलू नका, तुम्हाला आकड्यावर बोट हे मिळालं. विंडोज बटण+बाण दाबून खिडकी अर्ध्या स्क्रीनवर बसवणं तर विंडोज ७ पासून आहे. विंडोज १० पासून व्हर्च्युअल डेस्कटॉपही आहेत, कंट्रोल+विंडोज+डावा-उजवा बाण, पण तिथे थेट आकड्याने उडी मारायची सोय नाही, एकेक करून सरकत जावं लागतं, आणि त्यामुळे मी ते वापरत नाही.

परवानगी असेल तर पॉवरटॉइजमधलं फॅन्सीझोन्स आहे, त्यात स्क्रीनचे भाग आधीच आखून ठेवता येतात. पूर्ण टायलिंग हवं तर ग्लेझडब्ल्यूएम किंवा कोमोरेबी. ग्लेझडब्ल्यूएमची रचना आयथ्रीवरूनच घेतलेली आहे त्यामुळे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. मॅकवाल्यांना याबाई, अमेथिस्ट, एरोस्पेस असे पर्याय आहेत, त्यातल्या याबाईच्या काही सोयींसाठी सिस्टीमचं एक संरक्षण अंशतः बंद करावं लागतं, ऑफिसच्या मशीनवर त्या वाटेला जाऊ नका.

गुंता

मी सोडून दिलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. विंडो मॅनेजर म्हणून आयथ्री चांगलाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण डेस्कटॉप म्हणजे नुसता विंडो मॅनेजर नसतो हे त्याच्यावर गेल्यावरच कळतं. वायफाय कुठून जोडायचं? आवाजाच्या कळा चालत नाहीत. ब्राइटनेस नाही. लॅपटॉपचं झाकण लावलं तर लॉक होत नाही. पेनड्राइव्ह लावला तर काही होत नाही. एखाद्या प्रोग्रामला अॅडमिनचा पासवर्ड हवा असतो, तो विचारणारी खिडकीच येत नाही आणि प्रोग्राम गप्प बसून राहतो. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे प्रोजेक्टर, सगळे समोर बसलेत, मी केबल लावली आणि पडद्यावर काहीच नाही, कारण नवीन स्क्रीन ओळखून चालू करणारं कुणी बसवलेलंच नाहीये. ज्यांना हे जोडत बसायला आवडतं त्यांच्यासाठी उत्तम, पण मला माझं काम करायचं असतं.

तुम्ही लोक हे सगळं कसं निभावता ते मनापासून जाणून घ्यायचंय.

चौकट

@गुंता, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि कौतुक करणाऱ्या लेखांत हे कधी लिहिलेलं नसतं. तुम्ही जे जे लिहिलंत त्या प्रत्येकासाठी एक छोटा प्रोग्राम असतो, तो आपण निवडून कॉन्फिग फाइलमध्ये सुरू करायला सांगायचा. माझ्याकडे वायफायसाठी नेटवर्क मॅनेजरचं ट्रेवरचं आयकॉन, नोटिफिकेशनला डन्स्ट, लॉकला आयथ्रीलॉक आणि झाकण लावल्यावर त्याला जागं करायला एक्सएसएस-लॉक, ब्राइटनेसला ब्राइटनेससीटीएल. पासवर्डची खिडकी येत नाही कारण पोलकिट एजंट चालू नसतो, ग्नोमचा किंवा केडीईचा जो असेल तो सुरुवातीला चालू करून ठेवायचा. प्रोजेक्टरसाठी ऑटोरँडर. एकदा दोन स्क्रीनची मांडणी करून नाव देऊन ठेवली की पुढच्या वेळी तोच प्रोजेक्टर किंवा मॉनिटर ओळखून ती मांडणी लावतो. पूर्वी न बघितलेल्या प्रोजेक्टरसाठी एका कळीवर ‘दोन्हीकडे तेच दाखव’ असं ठेवलंय, ती कळ ज्याला बाहेर सादरीकरण करावं लागतं त्याने पहिल्याच दिवशी बसवावी.

पण हे एवढं सगळं करायची तयारी नसेल तर मधला रस्ता आहे आणि तो कमीपणाचा अजिबात नाही. एलएक्सक्यूटी डेस्कटॉपमध्ये सेशनच्या सेटिंगमध्येच विंडो मॅनेजर कुठला ते निवडता येतं. पॅनल, आवाज, वायफाय, झाकण हे सगळं डेस्कटॉप सांभाळतो, खिडक्या तेवढ्या आयथ्री सांभाळतो. एक्सएफसीई डेस्कटॉपमध्येही लोक असं करतात.

उभाआडवा

आयथ्रीमध्ये प्रत्येक वेळी आडवी रांग की उभी रांग हे आपण सांगायचं, हेच मला पटत नाही. मॉड+व्ही दाबायला विसरलं की खिडकी नको तिथे उघडते आणि मग ती हलवत बसा. मी डीडब्ल्यूएम वापरतो. त्यात डावीकडे एक मोठी मुख्य खिडकी, बाकी सगळ्या उजवीकडे एकाखाली एक. नवीन खिडकी उघडली की ती मुख्य जागी येते आणि जुनी उजवीकडच्या रांगेत जाते. रांगेतली एखादी हवी असेल तर तिच्यावर जाऊन मॉड+एंटर, की ती मुख्य जागी. मांडणीचा विचार करायचाच नाही.

शिवाय त्यातले टॅग. वर्कस्पेस म्हणजे खिडकी एका वेळी एकाच ठिकाणी. टॅगमध्ये एका खिडकीला दोन आकडे देता येतात, किंवा २ आणि ३ दोन्ही टॅग एकाच वेळी समोर आणता येतात. मी कागदपत्रांची खिडकी दोन टॅगना लावून ठेवतो, दोन्ही कामांत ती दिसते. हे ज्याला लागलं त्याला परत साध्या वर्कस्पेसवर जाणं जड जातं.

२००६ पासूनचा प्रोग्राम आहे आणि कोड दोन हजार ओळींच्या वर जाऊ द्यायचा नाही हा करणाऱ्यांचा नियमच आहे. वेगळी कॉन्फिग फाइल नाही, सी भाषेतली एक हेडर फाइल बदलायची आणि परत कंपाइल करायचं. लोक याला घाबरतात पण ती फाइल वाचून बघा, कळांची यादीच आहे.

चौकट

@उभाआडवा, टॅगबद्दल मान्य, आयथ्रीमध्ये तसं काही नाही. मांडणीबद्दल मात्र माझा अनुभव उलटा आहे. मला पीडीएफ रुंद हवी आणि तिच्याखाली बारकं टर्मिनल हवं असतं, दर वेळी तेच, आणि मी ते एकदा लावलं की दुसरी खिडकी उघडल्यावर ते मोडलेलं मला चालत नाही. ज्याच्या खिडक्या सारख्या उघडतात-मिटतात त्याला आपोआप मांडणारा बरा, ज्याच्या तासन्‌तास तशाच राहतात त्याला हाताने मांडायचा बरा, असं मला वाटतं. एक्समोनॅड आणि ऑसम हे विंडो मॅनेजर तुमच्या बाजूचे, फक्त एकाला हॅस्केल आणि दुसऱ्याला लुआ यावं लागतं.

धुकं

मी मनगटाच्या दुखण्यामुळे इकडे आले, म्हणून थोडं वेगळं लिहिते. माउस कमी झाल्यावर मला खूप आराम पडला, कीबोर्डवरून उजवीकडे हात नेऊन परत आणणं हेच दिवसभरात किती वेळा होतं ते बंद झाल्यावर कळलं. पण माउस गेला म्हणजे दुखणं गेलं असं धरून चालू नका. मॉड म्हणून विंडोज बटण ठेवलं आणि डाव्याच हाताने मॉड+शिफ्ट+क्यू दाबायला लागलात तर अंगठा आत वळतो, करंगळी ताणली जाते, आणि हे दिवसभर झालं की दुखणं उजव्या हातातून डाव्या हातात येतं.

माझ्या फिजिओथेरपिस्टने एक साधी गोष्ट सांगितली, मॉड एका हाताने आणि अक्षर दुसऱ्या हाताने. त्यासाठी मॉड दोन्ही बाजूंना लागतं आणि बऱ्याच कीबोर्डवर उजवीकडे विंडोज बटण नसतंच. मग कॅप्सलॉकचं सुपर (विंडोज बटणाचं लिनक्समधलं नाव) करून घ्या, लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये, म्हणजे एक्सकेबीमध्ये, तयार पर्याय आहे, कीडी नावाचा प्रोग्राम टाकला तर अजून बारकाईने करता येतं, म्हणजे दाबून धरलं तर मॉड आणि नुसतं टिचकी मारली तर एस्केप. ऑल्टला मॉड करायचा मोह होतो कारण ते बरोबर अंगठ्याखाली येतं, पण ऑल्ट बाकीचे प्रोग्राम भरपूर वापरतात. ब्राउझरमध्ये ऑल्ट+डी म्हणजे पत्त्याची पट्टी, टर्मिनलमध्ये ऑल्ट+बी आणि ऑल्ट+एफ म्हणजे शब्द-शब्द मागेपुढे, आणि ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्याचं तर सगळंच ऑल्टवर. विंडो मॅनेजरने पकडलेली कळ प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही.

आणि विम हा एडिटर वापरणाऱ्यांनी (तिथे एच जे के एल या कळांनी इकडेतिकडे जातात) लक्षात ठेवा, आयथ्रीच्या मूळ फाइलमध्ये डावी-खाली-वर-उजवी या कळा एच जे के एल नाहीत, जे के एल आणि अर्धविरामाची कळ आहेत, म्हणजे बोटं नेहमी टेकतात तिथेच. एच तिथे आडव्या रांगेसाठी ठेवलंय. मी बदललं नाही, माझ्या बोटांना हेच बरं पडतं.

रेघोटी

चित्रांचं काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. गिंप, इंकस्केप, ब्लेंडर हे प्रोग्राम माउस किंवा पेनशिवाय चालत नाहीत आणि त्यांच्या छोट्या छोट्या खिडक्या टाइल झाल्या की सगळा विचका होतो. म्हणून मी बराच काळ या गोष्टीपासून लांब होते, पण खरं तर टायलिंगमध्ये तरंगती खिडकीही असते. मॉड+शिफ्ट+स्पेस दाबलं की ती खिडकी रांगेतून सुटून वर तरंगते, मग मॉड धरून माउसने कुठेही ओढा. ठराविक प्रोग्राम कायम तरंगताच हवा असेल तर एक्सप्रॉप चालवून त्या खिडकीवर क्लिक करायचं, तिचं क्लास नाव मिळतं, ते फाइलमध्ये नियम म्हणून लिहायचं. गिंपचं दुखणं तर २.१० पासून तसंही कमी झालंय, त्यात सगळं एकाच खिडकीत हीच मूळ सेटिंग आहे.

आता मी निरी नावाचा विंडो मॅनेजर वापरते आणि इथे अजून कुणी त्याचं नाव काढलं नाही म्हणून मुद्दाम सांगते. यात खिडक्या एका आडव्या लांब पट्टीवर शेजारी शेजारी बसतात आणि ती पट्टी स्क्रीनच्या बाहेर जाते. नवीन खिडकी उघडली तर जुन्या आक्रसत नाहीत, फक्त पट्टी लांबते, आणि तुम्ही डावीकडे-उजवीकडे सरकता. लहान लॅपटॉपच्या स्क्रीनवर टायलिंगची मुख्य अडचण ही की तिसऱ्या खिडकीनंतर काहीच वाचण्याजोगं राहत नाही, ती इथे येतच नाही. माझा कॅनव्हास मला हवा तेवढाच राहतो, बाकी काय वाटेल ते उघडा. ग्नोममध्ये राहूनच बघायचं असेल तर पेपरडब्ल्यूएम नावाचं एक्स्टेन्शन आहे, निरीची कल्पना तिथूनच आलेली आहे.

नवखा

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली आहे. मी आत्ता ग्नोम वापरतो आणि कधी टर्मिनलच्या पलीकडे गेलो नाहीये. तीन शंका आहेत. आयथ्री घ्यावा की स्वे? बसवताना आत्ताचं चालू मशीन बिघडेल का? आणि अडकलो, म्हणजे समोर नुसता काळा पडदा आला, तर बाहेर कसं पडायचं?

अर्धविराम

@नवखा, मशीन बिघडत नाही. पॅकेज टाका, लॉगआउट करा, लॉगिनच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं तिथे सेशन निवडायचं, ग्नोम तिथेच शाबूत असतो. नाही जमलं तर परत ग्नोम निवडून आत या.

आयथ्री की स्वे हे तुम्ही एक्सवर आहात की वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) त्यावर आहे. आयथ्री फक्त एक्सवर चालतो, २००९ पासून आहे, अगदी मुरलेला. स्वे हा वेलँडवरचा आयथ्री समजा, २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आयथ्रीची कॉन्फिग फाइल जवळजवळ जशीच्या तशी वाचतो. फरक आजूबाजूच्या साधनांत आहे. एक्सरँडर, एक्सप्रॉप ही साधनं तिथे कामाची नाहीत. मॉनिटरची मांडणी स्वे स्वतःच करतो, आपोआप बदलायला कांशी, स्क्रीनशॉटला ग्रिम आणि स्लर्प, लॉकला स्वेलॉक. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करायची असेल तर पाइपवायर आणि त्याचं पोर्टलचं पॅकेज टाकावं लागतं, ते नसेल तर शेअर करायला काही दिसतच नाही. आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असून ड्रायव्हर कंपनीचा बंदिस्त असेल तर स्वेचा त्याला अधिकृत पाठिंबा नाही, तशा वेळी तुमच्यासाठी आयथ्रीच बरा.

मशीन नवीन असेल आणि एनव्हिडिया नसेल तर मी स्वे सांगेन, कारण ग्नोम आणि केडीई दोघंही वेलँडकडेच गेलेत आणि पुढची कामं तिथेच होणार आहेत.

चौकट

@नवखा, काळा पडदा हीच त्याची सुरुवात आहे, घाबरू नका. आयकॉन नाहीत, मेन्यू नाही, खाली एक पट्टी एवढंच. मॉड+एंटरने टर्मिनल येतं, ते आलं की सगळं आलं. मॉड+शिफ्ट+ई ने बाहेर पडता येतं, विचारतो आणि मग लॉगआउट करतो. काहीच चालत नसेल तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ ने नुसत्या अक्षरांचा लॉगिन मिळतो, तिथून फाइल दुरुस्त करता येते.

फाइलमध्ये काही चुकीचं लिहिलं गेलं तरी आयथ्री बंद पडत नाही, स्क्रीनच्या वरच्या कडेला लाल पट्टी येते आणि तिच्यावरच्या बटणाने चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवतो. दुरुस्त करून मॉड+शिफ्ट+सी. उघड्या खिडक्या कुठेही जात नाहीत. म्हणून निर्धास्तपणे एकेक ओळ बदलून बघा, पण एका वेळी एकच.

सावकाश

माझी अडचण इथल्या प्रत्येकाला कधी ना कधी येणार आहे म्हणून विचारतो. स्वेमध्ये इंग्रजी आणि देवनागरी इन्स्क्रिप्ट असे दोन लेआउट लावलेत. देवनागरी चालू असताना मॉड+डी, मॉड+एफ काहीच चालत नाही. लाँचर उघडायला आधी इंग्रजीवर जा, मग परत देवनागरी. मराठीत लांब काही लिहीत असलो की वैताग येतो.

धुकं

@सावकाश, कारण असं की फाइलमध्ये आपण ‘डी’ हे अक्षर लिहिलेलं असतं, आणि देवनागरी लेआउट चालू असताना त्या कळीतून डी निघतच नाही, हलंताची खूण (पाय मोडायची) निघते. स्वेमध्ये कळ बांधायच्या ओळीत ‘टू-कोड’ असा पर्याय देता येतो. तो दिला की पहिल्या लेआउटमध्ये ते अक्षर ज्या कळीवर आहे ती कळच बांधली जाते, मग वर कुठलाही लेआउट असू दे. म्हणून लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिलं ठेवा. सगळ्या अक्षरांच्या ओळींना हा पर्याय लावा, फाइंड-रिप्लेसने होऊन जाईल.

आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायला वापरतात तो प्रोग्राम) वापरणाऱ्यांना अजून एक. त्याची भाषा बदलायची मूळ कळ सुपर+स्पेस आहे, आणि मॉड सुपर असेल तर आयथ्री-स्वेमध्ये मॉड+स्पेस आधीच घेतलेली आहे, तरंगत्या आणि रांगेतल्या खिडक्यांमध्ये जा-ये करायला. दोन्हींतली एक बदला. शिवाय ग्नोम आयबस आपणहून चालू करतो, इथे तो फाइलमध्ये लिहून चालू करावा लागतो. आयथ्रीत असाल तर जीटीके, क्यूटी (प्रोग्रामच्या खिडक्या ज्यांनी बनवतात ती साधनं) आणि एक्ससाठी तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही लॉगिनच्या वेळीच सेट करावे लागतात, नाहीतर एका प्रोग्राममध्ये मराठी उमटतं आणि दुसऱ्यात नाही.

सावकाश

@धुकं, लावलं आणि चाललं, मनापासून आभार. आता एकच उरलंय, देवनागरी चालू असताना स्क्रीन लॉक झाली तर पासवर्डही देवनागरीतच टाइप होतो आणि चुकीचा म्हणून परत परत नाकारतो. लॉक पडद्यावर कुठला लेआउट आहे ते दिसतही नाही.

धुकं

लॉकच्या कळीवर आणि स्वेआयडलमध्येही (काही वेळ हात लावला नाही की लॉक करायला लावतात तो) स्वेलॉकच्या आधी एक कमांड जोडा, स्वेला आज्ञा पोचवणाऱ्या स्वेएमएसजीला सांगायचं की कीबोर्ड शून्य क्रमांकाच्या लेआउटवर ने. शून्य म्हणजे यादीतलं पहिलं, तुमच्याकडे आता इंग्रजी. मग लॉक कायम इंग्रजीतच उघडेल. स्वेलॉकला लेआउटचं नाव दाखवायचाही पर्याय आहे, तोही चालू ठेवा, घरात दुसरं कुणी मशीन वापरत असेल तर त्यांना कळेल. आयथ्रीवाल्यांनी आयथ्रीलॉकच्या आधी हेच एक्सकेबी-स्विचने करायचं.